आत्याची दोन नावे

दिल्लीत येऊन चार वर्षे काढलेल्या मराठी माणसाला मंडळाचे वावडे राहत नाही. गणेशोत्सवाचे एक, नाटकाचे दुसरे, शिवाय सोसायटीचे तिसरे, अशी मंडळे त्याच्या अंगाखांद्यावर आपोआप चढतात. परंतु एक मंडळ असे आहे की ज्याला आपण सारे सरकारी नोकर दरवर्षी काही ना काही देतो आणि ज्याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. ७ डिसेंबर जवळ आला की शाखेत कोणीतरी डबा फिरवितो, लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा खिशाला टोचतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. १९४९ पासून हा ध्वजदिन पाळला जातो. त्या निधीचा कारभार ज्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो, ते रामकृष्णपुरमच्या सरकारी इमारतींच्या रांगेत, आमच्यासारख्या कारकुनांच्याच शेजारात राहते.

मला तेथे नेले ते माझ्या आत्याने. गावाकडे अशी एक समजूत आहे की दिल्लीत राहणारा मनुष्य म्हणजे साक्षात सरकार. तेव्हा आतोबा वारल्यावर तिच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचा कागद अडला, त्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या त्या गावाने एकमुखाने माझे नाव सुचविले.

त्या कामाकडे वळण्यापूर्वी बोर्डाची कुळकथा सांगितली पाहिजे, कारण ती मला मोठी उद्बोधक वाटली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४,००० परतली नाहीत. १३,०००हून अधिक मृत सैनिकांची नावे इंडिया गेटच्या दगडावर कोरलेली आहेत. सायंकाळी तेथे आइस्क्रीम खाणारे आपण ती क्वचितच वाचतो. पण मान वर करून पाहावे, म्हणजे मराठा पलटणींची नावेही सापडतात. युद्ध चालू असता रिक्रूट मिळविण्यासाठी सरकारने एक मध्यवर्ती भरती बोर्ड केले होते. युद्ध संपले, भरतीची गरज सरली, आणि सप्टेंबर १९१९ मध्ये त्याच्या जागी ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ आले. जी यंत्रणा माणसे घराबाहेर काढीत होती, तिच्याच वारसाकडे ती माणसे पुन्हा घरी रुजविण्याचे काम सोपविण्यात आले!

साल लक्षात घ्यावे. जालियनवाला बागेला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पंजाबात तर घरटी शिपाई, आणि बंदूक चालविण्यास शिकलेला मनुष्य असंतुष्ट होऊन गावी बसणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक बोर्डे निघाली. अध्यक्ष जिल्ह्याचा गोरा अधिकारी, सभासद पेन्शनीत निघालेले सुभेदार-जमादार. शिपायाच्या जमिनीचा तंटा, पोराची फी, थकलेले पेन्शन, सगळ्याची दाद तेथे लागे. त्याच वेळी गावातील वाराही सरकारला कळे. हेतू निर्मळ नव्हता, हे उघड आहे. तथापि, मला विचाराल तर, अशुद्ध हेतूने लावलेल्या झाडाची सावली काही अशुद्ध ठरत नाही. राज्य गेले, झाड राहिले. १९५१ मध्ये बोर्डाच्या नावात सैनिकांबरोबर खलाशी आणि वैमानिक आले, १९७५ मध्ये त्याचे ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ झाले. आज त्याच्या हाताखाली राज्याराज्यांची बोर्डे आणि चारशेहून अधिक जिल्हा कार्यालये आहेत.

इतर देशांत हा प्रकार निराळ्या रीतीने घडला. १९१९ मध्ये पॅरिसला जमलेल्या अमेरिकन शिपायांनी आपली ‘लीजन’ स्वतः उभारली. १९२१ मध्ये इंग्लंडातील शिपायांनीही तेच केले. गावोगाव त्यांच्या शाखा, शाखेला दिवाणखाना, दिवाणखान्यात पेला! आपल्याकडे शिपायांची स्वतःची अखिल भारतीय संघटना उभी राहण्यास १९६४ साल उजाडावे लागले, आणि तिच्यामागे जनरल करिअप्पांसारखा मनुष्य असावा लागला. तोवर आपला शिपाई सरकारी बाकावर, हातात अर्ज घेऊन बसलेला होता. बराचसा अद्यापही तेथेच आहे.

बाकावरून उठलेला शिपाई मी एकदाच पाहिला. २०१५ च्या उन्हाळ्यात ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी माजी सैनिक जंतरमंतरला बसले होते. मी नोकरीत नवा होतो. मधल्या सुटीत पाय तिकडे वळत. छातीवर पदके लावलेली ती म्हातारी माणसे उपोषणालाही शिस्तीत रांगेने बसत. कोल्हापूरकडचे एक हवालदार भेटले. मराठी ऐकताच त्यांनी मला सतरंजीवर शेजारी जागा करून दिली आणि मागणीविषयी एक अक्षर न बोलता, “साहेब, इथं चांगला चहा कुठं मिळतो?” एवढेच विचारले. ५ सप्टेंबरला घोषणा झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू धरला गेला.

आता आत्याची गोष्ट. आतोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. पंधरा वर्षांहून अधिक नोकरी करून पेन्शनीत आले. त्यांच्या जुन्या कागदांत पत्नीचे जे नाव होते ते आत्याचे माहेरचे; लग्न ठरले तेव्हा त्यांनी पलटणीत तेच कळविले होते. आधारकार्डावर, शिधापत्रिकेवर आणि सात-बाराला मात्र सासरचे. अर्ज एका कचेरीतून परत आला. शेरा असा: ‘नावात तफावत. लाभार्थी तीच व्यक्ती असल्याचा पुरावा सादर करावा.’ शेरा मारणाऱ्यावर मी रागावलो नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तर माझ्याही लेखणीतून तेच शब्द उतरले असते. पण उत्तरेकडच्या माझ्या सहकाऱ्यांना ही भानगड समजावून देताना माझी पुरेवाट झाली. लग्नात मुलीचे आडनाव बदलते हे त्यांना ठाऊक. तिचे स्वतःचे नावही बदलते, आणि नवरा ते ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहितो, हे ऐकून एकजण म्हणाला, “मग ते ताट जोडा अर्जाला!” ते तांदूळ दुसऱ्याच दिवशी शिजले असणार, हे मी त्याला काय सांगू?

रामकृष्णपुरमला मला सौजन्याने एवढेच सांगण्यात आले की बोर्ड पेन्शन मंजूर करीत नाही, वाट दाखविते. आणि आत्याची वाट तिच्या जिल्ह्यातच आहे. ते खरेच होते. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कल्याण संघटक नावाचा मनुष्य तालुक्यांत हिंडत असतो. तो स्वतःही शिपाईगडी असतो. आत्याकडे आलेला संघटक ओसरीवर बसला, चहा घेतला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुमच्या लग्नाला पलटणीतलं कोण आलं होतं?” मला दिल्लीत बसून कित्येक महिन्यांत हा प्रश्न सुचला नव्हता. आतोबांचे एक सोबती शेजारच्या तालुक्यात हयात निघाले. त्यांनी शपथेवर सांगितले की वधूचे नाव बदलताना मी मांडवात हजर होतो, आणि जुने-नवे नाव एकाच बाईचे. त्याला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला आणि तलाठ्याचा जबाब जोडून अर्ज पुन्हा गेला.

एकूण एकोणीस महिन्यांनी आदेश निघाला. मागील थकबाकीही आली. मी फोनवरून आत्याला आकडा सांगितला. तिला त्यात रस दिसला नाही.

“पर नाव कंचं लिवलंय?” तिने विचारले.

दोन्ही लिहिली आहेत, मध्ये ‘उर्फ’ घातले आहे, असे मी सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं झालं रं बाबा. पर ते वाचून कुणाला वाटायचं न्हाई न्हवं, का ह्यांच्या दोन बायका हुत्या म्हणून?”