सामना संपल्यावर

सामना संपतो तेव्हां खेळाडू थकलेले असतात. प्रेक्षक मात्र त्याच वेळीं खरे ताजेतवाने होतात. मैदानावर ४० मिनिटें जें घडतें त्याला खेळ म्हणण्याची रीत आहे. परंतु माझ्या मतें खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. त्याला वेळेचें बंधन नसतें, त्यांत पंच नसतो, आणि मुख्य म्हणजे त्यांत कोणी हरत नाहीं. साक्रीस आल्यापासून गेलीं पंचवीस वर्षें हा दुसरा खेळ मी नियमानें खेळत आलों आहें. पहिला मला कधींच साधला नाहीं.

प्राध्यापक आणि क्रीडांगण यांचें जन्मजात वैर असतें असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत, आणि त्याच गृहस्थांनीं १९२६ सालीं मुंबईस गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. मी इंग्रजी शिकवितों, आणि लहानपणीं हुतूतूंत माझी गणना नेहमीं ‘कच्चा लिंबू’ या सदरांत होत असे. ज्याला स्वतःला खेळतां येत नाहीं त्याची दुसऱ्याच्या खेळाविषयींची दृष्टि फार सूक्ष्म असते, हा सिद्धान्त मीं पुढें स्वानुभवावरून बसविला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, म्हणून आमच्या महाविद्यालयाच्या मुलांचा गांवांतल्या एका तरुण मंडळाशीं सराव सामना ठरला. संघ निवडावयाचा बारा जणांचा, आणि आलटून-पालटून मैदानांत उतरणार होतीं सोळा मुलें. म्हणजे चौघांचें दैव त्या संध्याकाळीं टांगणीला लागलेलें होतें. कान नदीच्या बाजूनें ओला वारा येत होता. दूर पठारावर पवनचक्क्या आळसावलेल्या माणसासारखे हात फिरवीत होत्या. सामना आम्ही जिंकला कीं हरलों हें मला आज आठवत नाहीं, आणि सराव सामन्याच्या बाबतींत तें आठवूंही नये.

सामन्यानंतर आमचें मंडळ नेहमींप्रमाणें सुरत–नागपूर महामार्गालगतच्या चहाच्या दुकानाबाहेरील बाकांवर जमलें. या मंडळाचे कायम सभासद चार. पहिले आबा. त्यांनीं तरुणपणीं पंचक्रोशी गाजविली, असें ते स्वतः सांगतात. त्यांच्या लेखीं एका दमांत खेळला जाई तोच खेळ खरा. तीस सेकंदांचें घड्याळ लावून केलेली चढाई म्हणजे भाड्यानें आणलेलें शौर्य! दुसरे नाना. तहसील कचेरींत अव्वल कारकून होते. एस.टी.च्या तिकिटामागें ते प्रत्येक खेळाडूचे चढाईचे आणि पकडीचे गुण बारीक अक्षरांत मांडतात. तिसरे एक कांद्याचे व्यापारी. ते माणसांचीही प्रतवारी करतात. एखादा मुलगा ‘एक नंबर’, एखादा ‘मध्यम’, आणि उरलेले सगळे ‘गोल्टी’. चौथा मी. मी सर्वांच्या शेवटीं बोलतों, आणि बोलतांना परीक्षकाच्या अहवालाची भाषा वापरतों.

हा प्रकार केवळ आमच्या साक्रींतच चालतो असें नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत असतो. तो सांगतो कीं, तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात आणि ज्यांत पायापेक्षां हातांचेंच काम अधिक असतें, त्या खेळाच्या हंगामापूर्वीं प्रत्येक संघ असेच तीनेक सराव सामने खेळतो. त्यांतला जय-पराजय कोठेंही धरला जात नाहीं. तरीही ९० खेळाडूंतून अखेर ५३ च ठेवावयाचे असल्यामुळें दुसऱ्या दिवशीं घरोघरीं एकेका खेळाडूचा पंचनामा होतो. कोण राहील, कोण जाईल, कोणाचे पाय जड झाले, कोणाचे हात कांपले! हें ऐकून मला मोठा धीर आला. आबा, नाना आणि गोल्टीवाले हे जगाच्या पाठीवर सर्वत्र आहेत.

आणि त्यांत वाईट तरी काय आहे? २०१८ सालीं जकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यांत इराणकडून हरला. १९९० पासून लागोपाठ सात वेळां जिंकलेलें सुवर्णपदक हातचें गेलें. त्या वेळीं आमच्या बाकांवर जी स्मशानशांतता पसरली होती ती खोटी नव्हती. ज्याचें आपल्याला कांहींच वाटत नाहीं त्याचे दोष मोजण्याचे कष्ट कोण घेतो? टीका हा प्रेमाचाच एक कर्कश प्रकार आहे, असें मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असतों. त्यांच्या चेहऱ्यांवरून तें त्यांना फारसें पटत नसावें.

त्या संध्याकाळीं चर्चा डाव्या कोपऱ्यांत खेळणाऱ्या एका मुलावर आली. हा माझ्याच वर्गांतला. मागच्या बाकावर बसणारा, उंच, किडकिडीत, अबोल. नानांच्या तिकिटावर त्याच्या नांवापुढें दोन शून्यें होतीं. एकदांच तो चढाईला गेला, आणि वीसेक सेकंदांतच त्याचा दम तुटला. पंचांनीं त्याला बाद दिलें. व्यापारी म्हणाले, “गोल्टी!” आबा म्हणाले, “त्यामा दम नही.” मग माझ्याकडे वळून त्यांनीं विचारलें, “तुमले काय वाटस, सर?”

मीं कप खालीं ठेवला, अहवाली थाटांत घसा साफ केला आणि म्हटलें, “दम नाहीं हें खरें, दमा मात्र असावा!”

सगळे खदखदून हंसले. कोटी साधली म्हणजे माझ्या जातीच्या माणसाला जो आनंद होतो तो मला झाला. चहा गाळणारा दुकानदार तेवढा हंसला नाहीं. तें माझ्या ध्यानांत आलें, पण स्टोव्हच्या आवाजांत त्याला ऐकूं आलें नसेल, अशी मीं समजूत करून घेतली.

तीन दिवस तो मुलगा वर्गांत दिसला नाहीं. चौथ्या दिवशीं आमचे क्रीडासंचालक मला म्हणाले, “डाव्या कोपऱ्यांतला मुलगा नांव काढून घ्या म्हणतो. कारण विचारलें तर बोलत नाहीं. त्याच्या वडिलांशीं तुम्ही बोला ना; तुमचे रोजचे चहावालेच ते.”

एखाद्या उत्तरपत्रिकेची बेरीज चुकल्याचें निकाल लागल्यावर लक्षांत यावें, तसें मला झालें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाकांवर कोणी यायच्या आंत मी दुकानावर गेलों. एरवीं हा गृहस्थ माझ्याशीं अघळपघळ अहिराणींत बोलतो. त्या सकाळीं तो शुद्ध मराठींत बोलूं लागला, आणि आमच्यांत किती अंतर पडलें आहे तें मला त्याच्या व्याकरणावरून कळलें.

“त्या दिवशीं गर्दी होती, म्हणून खेळून आल्यावर तो मागें भांडीं विसळायला बसला होता,” तो म्हणाला. “त्यानें सगळें ऐकलें.”

मी गप्प राहिलों.

“तुम्ही बोललां तें अगदींच खोटें नव्हतें, सर. त्याचा दम तुटला, तें मींही पाहिलें. पण सामना सरावाचाच होता ना?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. तीस वर्षें मी उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहें. तेथें विद्यार्थ्याचें नांव झांकलेलें असतें, आणि तें योग्यच आहे. चेहरा दिसत नाहीं म्हणूनच न्याय करतां येतो. बाकावर बसून मात्र मीं चेहरा दिसत असून तो झांकून घेतला होता, आणि त्याला मी न्याय समजत होतों. शिवाय परीक्षा आणि सराव यांतला भेद ज्यानें आयुष्यभर शिकवावयाचा तोच तो विसरला. मी नोकरीला लागलों तेव्हां पहिल्याच आठवड्यांत एक वृद्ध सहकारी माझ्या तासाला मागें येऊन बसले होते. मी इतका गोंधळलों कीं, तासाच्या निम्म्यांतच माझें टिपण संपलें. बाहेर आल्यावर ते एवढेंच म्हणाले, “ठीक. चुका याच वर्षीं करून घ्या.” त्या एका वाक्यावर मी येथवर आलों. त्यांना कोटी सुचली नसेल असें नाहीं. त्यांनीं ती गिळली.

निवड करणाऱ्याचें मत कितीही जाणतें असलें तरी तें केवढें अपुरें असूं शकतें, याचीं उदाहरणें मला तोंडपाठ होतीं. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक नऊ धावांवर राहिला असतां प्रतिपक्षानें सामनाच सोडून दिला. एवढें करूनही त्यांना अधिकृत कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाहीं. ही हकीकत मी वर्गांत अनेकदां रंगवून सांगितली आहे, आणि निवड समितीला मनसोक्त नांवें ठेवलीं आहेत. आमच्या बाकांवरही एक निवड समिती बसते हें तेव्हां लक्षांत आलें नव्हतें.

त्या मुलाला मीं रिकाम्या वर्गांत बोलावून घेतलें. “मी बोललों तें चुकलें,” एवढें म्हणावयास मला जो दम लागला तो मोजण्याचें घड्याळ अजून निघालें नाहीं. तो खालीं पाहत राहिला. मग मीं त्याला खडू दिला आणि म्हटलें, “कोपरा राखणें म्हणजे काय, तें मला समजावून सांग. मला खरोखरच ठाऊक नाहीं.”

प्रथम तो अडखळला. मग त्यानें फळ्यावर १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदानाची आकृति काढली आणि तो बोलूं लागला. मैदानांत निदान सहा रक्षक असले तरच चढाईवाल्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. म्हणून कोपऱ्यांतल्या मुलानें मुद्दाम पाऊल मागें घ्यावयाचें, ती रेषा मोकळी आहे असें भासवावयाचें. त्या लोभानें चढाईवाला खोल येतो, त्याचा तोल पुढें जातो, आणि मग शेजारचा गडी त्याच्यावर झेंप घालतो. पकड शेजाऱ्याच्या नांवावर पडते. “माझें काम त्याला आंत आणण्याचें, सर,” तो म्हणाला. वर्षभरांत तो माझ्या वर्गांत इतकें बोलला नव्हता. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होतों, आणि तास संपल्याची घंटा आम्हां दोघांनाही ऐकूं आली नाहीं.

संघांत त्याची निवड बारावा म्हणून झाली. पहिल्या सामन्यांत तो बाहेरच बसला. दुसऱ्यांत शेवटचीं दहा मिनिटें त्याला उतरविलें. त्याला एकही गुण मिळाला नाहीं. परंतु त्या दहा मिनिटांत प्रतिपक्षाचा चढाईवाला तीनदां त्याच्या कोपऱ्याकडे ओढला गेला, आणि त्यांतून दोनदां शेजारच्या गड्याच्या हातीं सांपडला. मी उभा राहून टाळ्या वाजविल्या. शेजारचे प्रेक्षक माझ्याकडे चमकून पाहूं लागले. कारण पकड करणारा मुलगा भलत्याच बाजूला होता.

संध्याकाळीं बाकांवर मीं हें सांगितलें. नानांनीं तिकीट उलटें-सुलटें करून पाहिलें आणि ते म्हणाले, “यासाठीं रकाना नाहीं.” आबा थोडा वेळ विचारांत पडले. “आमच्या वेळीं असा एक गडी होता खरा,” ते हळूच म्हणाले. पण त्यांना त्याचें नांव आठवेना.

दुकानदारानें चहाचे कप आणून ठेवले. “सर, चहा कसा व्हयना?” त्यानें मला अहिराणींत विचारलें. त्या चहाची प्रतवारी मात्र मीं केली नाहीं. मी मुकाट्यानें दुसरा कप मागितला.