गव्हाशी काडीमोड

तीन वर्षं माझं हिमोग्लोबिन काही दहाच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण उपयोग शून्य. पोट फुगणं वगैरे तर आपण आजारात धरतच नाही. बाहेरचं खाल्लं असेल, एवढ्यावर मिटतं! शेवटी इथे ओहायोतल्या डॉक्टरीणबाईंनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला लावली. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट. मग एन्डोस्कोपी, बायॉप्सी. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे तंतू असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. माझी मखमल झिजून सपाट झालेली. निदान: सीलिअॅक. शरीर गव्हातल्या ग्लूटेनवर चवताळतं आणि मार खातं आपलंच आतडं. उपाय एकच, गहू, जव आणि राय जन्मभर बंद.

(मंडळी, संशय आला म्हणून लगेच पोळी सोडू नका. तपासण्या होईपर्यंत गहू पोटात जावा लागतो, नाहीतर रोग असूनही सापडत नाही.)

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. अमेरिकेत २०१३ च्या नियमामुळे 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर प्रमाण दहा लाखांत २० भागांहून कमी लागतं. त्यामुळे अमेरिकन दुकानात माझं बरं चालतं. फजिती होते ती आपल्याच स्वयंपाकघरात. हिंग! डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे वरणभातसुद्धा बाद! सोया सॉसमध्येही गहू. ज्वारी निर्दोष, पण ती गव्हाच्याच गिरणीत दळली असेल तर काय? आता माझा तवा वेगळा, परात वेगळी, आणि चाळिशीनंतर भाकरी थापायला शिकलो. नकाशे अजून गोल होत नाहीत, असो. हिमोग्लोबिन मात्र वर्षभरात साडेतेरावर आलं.

हा आजार घराण्यात चालतो. आईवडील, भावंडं, मुलं यांत साधारण दहा-पंधरा जणांत एकाला निघतो. मुलीची तपासणी केली, सध्या तरी काही नाही. राहिली सांगलीची आई. तिचं 'रक्त कमी' माझ्या लहानपणापासूनचं, आणि गेल्या वर्षी साध्या पडण्यात मनगट मोडलं. लोहासारखंच कॅल्शियमही अंगी लागत नाही, हे मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगतो. ती म्हणते, "निघालं तर पोळी सोडायला लावशील ना? मग नकोच. चौऱ्याहत्तर वर्षं खाल्ली, आता काय व्हायचंय?"

डिसेंबरात जातोय. रक्त घ्यायला लॅबच्या मुलाला घरीच बोलावून ठेवलं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.