दहावा गडी

दुसऱ्याच्या भजनी मंडळातला पेटीवाला फोडणे हे आमच्या भोकरदनात फारसे चांगले समजत नाहीत. मीही तसेच समजत आलो. असे असून, पन्नाशी उलटल्यावर तो उद्योग मी स्वतःच केला. पेटीवाला नव्हे, मोबाइलवरच्या खेळातले गडी फोडले, एवढाच काय तो फरक.

खेळाचे नाव 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'. २०२० च्या टाळेबंदीत पुतण्याने तो मला शिकवला. पुढे तो शिकायला पुण्यास गेला. मी मात्र खेळतच राहिलो. गाव वसवावे, तट बांधावा, टोळी जमवावी आणि एकमेकांस सैन्य पुरवावे, असा हा खेळ. टोळीत पन्नासांपर्यंत माणसे घेता येतात. मी टोळीचे नाव ठेवले होते 'भोगवर्धन'. भोकरदनचे हे जुने नाव. सांची आणि भारहुत इथल्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. हे पोरांना सांगितले, तेव्हा साऱ्यांनी मला अंगठा दाखवला. हल्ली अंगठ्याचा अर्थ होकार असा होतो म्हणे!

टोळ्यांची लढाई पाच, दहा, पंधरा अशा संख्येनेच लागते. आम्ही होतो नऊ. सिल्लोडकडच्या पोरांची एक टोळी होती, तीत अकरा. मी पाहुणा म्हणून तिथे शिरलो, चार दिवस सढळ हाताने सैन्य वाटले, दोन कसलेले गडी हेरले आणि घरी परतून त्यांना आमंत्रणे धाडली. त्यांच्या म्होरक्याला अवाक्षराने विचारले नाही. दोघेही आले. पहिलीच लढाई आम्ही जिंकली आणि त्या रात्री मला झोप छान लागली.

आठवड्याने तो म्होरक्या आमच्याकडे आला. मी मनातल्या मनात त्याला मिशा लावल्या होत्या. निघाला नववीतला पोर!

"काका," त्याने लिहिले, "आधी विचारलं असतं तर एक गडी मीच दिला असता. तुमचे दहा झाले असते, आमचेही दहा राहिले असते. आता आम्ही नऊ. पाचांचीच लढाई लागते, नि चौघं नुसते बघत बसतात."

एवढे साधे गणित! दुसरा गडी मी कशासाठी नेला होता? आमच्यातही आता एकाला बसावेच लागत होते.

मी दोघांनाही परत जाण्याविषयी विचारले. दोघांनी साफ नकार दिला. ती काही माझी गुरे नव्हती, दावे सोडून हाकलायला. तेव्हा 'भोगवर्धन'चे म्होरकेपण एका पोराच्या हाती दिले आणि सिल्लोडच्या टोळीकडे मीच अर्ज केला. या खेपेस कारण लिहून.

पोराने तो लगेच मंजूर केला. रविवारी दहांची लढाई लावली आणि मला बजावले, "काका, दोन्ही हल्ले करायचे हं. जेवून झोपायचं नाही."