खांद्यावरचा हात

फोटोत नको असलेलं काहीतरी असतंच. गोव्याच्या बीचवर आपल्या मागे उभे असलेले हाफ पँटमधले अनोळखी काका, लग्नाच्या फोटोत नवरीच्या शालूशेजारी ठेवलेला आइस्क्रीमचा रिकामा कप, झालंच तर एखादा ‘एक्स’. मोबाइलवर आपण बोटाने कडा सरकवतो, ओके म्हणतो आणि विसरून जातो. पण तोच फोटो घेऊन इलस्ट्रेटरसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये बसा, पहिल्या पाच मिनिटांत झटका बसतो. टूल्सच्या पट्टीत छान रबर दिसतं. आपण खुशीत ते उचलतो, काकांवरून फिरवतो... काका ढिम्म!

चूक तुमची नाही, बॉस. या सॉफ्टवेअरची जातच वेगळी आहे. इथे चित्र ठिपक्यांचं बनत नाही, गणिताच्या रेषांचं बनतं. चार बिंदू द्या, त्यांच्यातून वळण काढून मिळेल. हे गणित आलं फ्रान्सच्या कार कंपन्यांमधून. रेनॉमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तलजो, दोघांनाही गाडीच्या बॉडीची वळणं कागदावर नेमकी मांडायची होती. १९८७ मध्ये आलेलं इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये आलेलं कोरेल ड्रॉ, दोन्ही याच वळणांवर उभी आहेत. फोटो मात्र शुद्ध ठिपक्यांचा. म्हणजे या घरात तो पेइंग गेस्ट! त्याला खोली मिळते, पण घरमालक त्याच्या सामानाला हात लावत नाही. इलस्ट्रेटरचं रबर रेषा खोडतं, फोटो नाही.

मग करायचं काय? फोटोवर हवा तेवढा चौकोन किंवा गोल काढायचा, दोन्ही सिलेक्ट करायचे आणि कंट्रोल + ७ दाबायचं. चौकोनाबाहेरचं सगळं गायब. याचं नाव क्लिपिंग मास्क. कोरेलमध्ये फोटो एखाद्या आकाराच्या पोटात ढकलतात, त्याला पॉवरक्लिप म्हणतात. २००३ पासून फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये वरच्या आकाराला ‘सेट क्लिप’ करायचं. नावं तीन, फंडा एकच. फोटो कापला जात नाही, झाकला जातो. तुम्ही फक्त भिंतीला खिडकी पाडलेली असते. खिडकीतून काका दिसत नाहीत, पण भिंतीमागे ते मजेत उभे असतात.

हा फंडा मला शिकवला आमच्या सीनियरने. मी जॉइन झालो तेव्हा मला फक्त फोटोशॉप येत होतं आणि मला वाटायचं, सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, कापू नकोस. झाक. क्लायंटने सकाळी ‘हे काढा’ म्हटलं ना, की संध्याकाळी त्याला तेच परत हवं असतं." शंभर टक्के खरं निघालं. त्या एका वाक्याने माझ्या किती रात्री वाचल्या असतील, देव जाणे.

एका शुक्रवारी कंपनीने चार जणांना घरी पाठवलं. त्यात तो होता. सोमवारी त्याच्या टेबलावर प्रिंटरचे कागद ठेवलेले होते. मंगळवारी माझ्याकडे कंपनीच्या नव्या ब्रोशरचं काम आलं आणि सोबत एचआर मॅडमचा दोन ओळींचा मेल. टीमच्या ग्रुप फोटोतून जे आता आपल्यासोबत नाहीत त्यांना काढावं, प्लीज.

तिघं मागच्या रांगेत होते, ते पटकन गेले. तो उजव्या टोकाला, माझ्या शेजारी. चौकोन जरा आत सरकवला, कंट्रोल + ७, आणि तो गेला. पण एक गोष्ट राहिली. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात.

मनगटापर्यंत तुटलेला, चार बोटं आणि कायम सैल असणारं ते घड्याळ. प्रूफ पाहून मॅडम म्हणाल्या, "हा हात कुणाचा? हे विचित्र दिसतंय." चौकोन अजून आत घेतला तर माझा खांदाच जात होता. हाताखाली माझा शर्ट नव्हताच, कॅमेऱ्याला तो दिसलाच नव्हता. तिथे नवा शर्ट रंगवायचा तर फोटोशॉपमध्ये जायला हवं आणि ब्रोशर तर संध्याकाळी नारायण पेठेतल्या प्रेसला जायचं होतं. शेवटी डिझाइनमधली निळी पट्टी खाली ओढली आणि बरोबर त्या हातावर बसवली. पट्टीवर लिहिलं होतं, ‘आमची टीम, आमची ताकद’. मॅडम खूश.

आता खरा प्रश्न. प्रेसला फाइल पाठवायची कशी? कारण झाकलेलं सगळं फाइलमध्ये तसंच असतं. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल + वाय दाबा, रंग जातात आणि नुसत्या चौकटी उरतात. तिथे फोटोची मूळ, पूर्ण चौकट दिसतेच. इलस्ट्रेटरमधून पीडीएफ करताना एडिटिंगची सोय ठेवणारी टिक तशीच राहू दिली, तर समोरचा माणूस ती पीडीएफ पुन्हा इलस्ट्रेटरमध्ये उघडून मास्क सोडवू शकतो. ही थिअरी नाही हं! जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये गोपनीय ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. पत्रकारांनी पट्टीखालचा मजकूर कॉपी केला, दुसरीकडे पेस्ट केला आणि सगळं वाचलं. मार्च २०२३ मध्ये गूगल पिक्सल फोनच्या मार्कअप टूलची भानगड उघड झाली. स्क्रीनशॉट क्रॉप करून सेव्ह केला, तरी जुन्या फाइलचं शेपूट मागे लटकत राहायचं आणि त्यातून कापलेला बराचसा भाग परत मिळवता यायचा. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तेच निघालं. दोन्ही दुरुस्त झाली, पण तोवर पाठवलेले स्क्रीनशॉट कुठे कुठे पोहोचले असतील, विचार करा.

म्हणून बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी झाकणं पुरत नाही, तिथे कापायचंच. इलस्ट्रेटरमध्ये २०१७ पासून ‘क्रॉप इमेज’ आहे, ते बाहेरचा भाग खरोखर टाकून देतं. त्याहून जुनं व्हर्जन असेल तर मास्क केलेला फोटो ‘रास्टराइज’ करा. कोरेलमध्ये शेप टूलने फोटोच्या कडा आत घेतल्या तरी तो लपवलेलाच असतो, ‘क्रॉप बिटमॅप’ दिल्यावर बाहेरचं जातं. इंकस्केपमध्ये ‘मेक अ बिटमॅप कॉपी’ करून मूळ फोटो डिलीट करा. आणि वर पट्टी बसवली असेल, तर पट्टीसकट सगळ्याचं मिळून एकच चित्र करा.

मी तेच केलं. प्रेससाठी वेगळी कॉपी, त्यात सगळं सपाट. "पूर्ण काढलं ना?" मॅडमनी विचारलं. "बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये कुणीही शिल्लक नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. माझ्याकडची मास्टर फाइल मात्र मी तशीच ठेवली. शिकवणच तशी होती.

चारेक महिन्यांनी त्याचा मेसेज आला. नवी नोकरी लागली होती, बंगलोरला. खाली लिहिलं होतं, ‘तो आपला ग्रुप फोटो आहे का रे? आई मागतेय, फ्रेम करायचाय म्हणते.’ मूळ फोटो सर्व्हरच्या साफसफाईत कधीच गेला होता.

मास्टर फाइल उघडली. निळी पट्टी बाजूला केली. कंट्रोल + ऑल्ट + ७ दाबलं. दात काढून हसत तो जसाच्या तसा उभा होता, ते सैल घड्याळ घालून. मागच्या रांगेतले तिघंही आपापल्या जागी परतले होते.

फोटो फुल साइजला एक्सपोर्ट केला आणि त्याला पाठवून दिला. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘थँक्स यार. पण तुझी कॉलर वाकडी आहे, ती क्रॉप करायला हवी होतीस!’