बराकपूरच्या मातीचं माहेर

कोलकात्याजवळच्या बराकपूरला गेलात, तर मंगल पांडे उद्यान पाहून झाल्यावर हुगळीच्या काठी जरूर जा. ओहोटीला काठ उघडा पडतो, तिथे मातीचे थर दिसतील. आसपास डोंगर नाही, मग ही माती आली कुठून? तिचं माहेर हिमालय! तिथल्या उतारांवरचे खडक पावसापाण्याने झिजतात, त्यातल्या काही खनिजांची चिकणमाती होते, पूर ती खाली आणतो. जड वाळू आधी बसते, बारीक चिकणमाती पाणी संथ झाल्यावर. पुरामागून पूर, थरावर थर. याच गंगामातीतून दुर्गा घडते. तीही हिमालयाचीच लेक! नदीकाठच्या वीटभट्ट्याही हीच माती खातात. थर साचायला पिढ्या लागतात, खणायला मात्र एक दिवस पुरतो.