हातात बादली आली आणि मी घरची झाले

मैत्रिणींनो, कुणाकडे दोन दिवस राहायला गेलात आणि पाय टेकताच घरधनिणीनं तुमच्या हातात रिकामी बादली देऊन ‘तळ्यावरून पाणी आण’ म्हटलं, तर काय वाटेल? मला तर रागच आला होता. तो कसा विरघळला, तेच आज सांगते.

यजमानांच्या नोकरीमुळे २०२२ पासून दोन वर्षं आम्ही फिनलंडमधल्या तांपेरे शहरात होतो. इथली अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी सोडून मी गेले. तिकडे भाषा येईना. हे कामावर, मुलं शाळेत, आणि मी खिडकीशी बर्फ बघत उभी. ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारलं की आवंढा गिळायची. शेवटी एका सेवाभावी संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस बिनपगारी कामाला जाऊ लागले. दान आलेले कपडे निवडायचे, घड्या घालायच्या, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. सोबतीला तिथल्याच तिघीजणी. एक सत्तरीची निवृत्त परिचारिका, एक ग्रंथालयात नोकरी केलेली आणि एक माझ्याच वयाची. कामाला वाघिणी, पण बोलणं दिवसाला मोजून चार शब्द! पाच महिन्यांत कुणी ‘घरी ये’ म्हटलं नव्हतं.

आणि २०२३ च्या जुलैत एक दिवस परिचारिकाबाई एकदम म्हणाल्या, “शनिवार-रविवार म्योक्कीवर येतेस?”

म्योक्की म्हणजे रानातलं, बहुधा तळ्याकाठचं लाकडी घर. फिनलंडची लोकसंख्या जेमतेम छप्पन लाख, पण अशी घरं पाच लाखांवर! आणि तळी किती म्हणाल, तर लहानमोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार.

मुलांना मागे ठेवून एकटीनं रात्र बाहेर काढायची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ. हे म्हणाले, “जा की!” तरी मी फ्रीजवर सूचनांचा लांबलचक कागद चिकटवला, लाडू-चिवड्याचे डबे घेतले आणि निघाले. उत्तरेला रुओवेसीच्या बाजूला मोटारीनं तासाभराचा रस्ता. दुतर्फा पाइन आणि पांढऱ्या खोडांचे बर्च. गाडीत कुणी अवाक्षर बोलेना. मला वाटलं, बोलावून पस्तावल्या की काय!

पोहोचल्यावर डबे टेबलावर गेले आणि बादली माझ्या हातात आली. एकीनं कुऱ्हाड उचलली, दुसरीनं झाडू. आपल्याकडे पाहुणीला आधी पाण्याचा तांब्या देतात, इथे पाणी तिलाच आणायला लावतात! मनात धुसफुसत खेपा घातल्या. अर्धं पाणी साडीवर सांडलं. कुणी हसलं नाही, की ‘राहू दे’ही म्हणालं नाही.

मग निघाले पायपुसण्यापेक्षा लांब, पट्ट्यापट्ट्यांचे गालिचे. जुने कपडे फाडून त्यांच्या चिंध्या मागावर विणायच्या, म्हणजे आपल्या गोधडीची दूरची बहीणच म्हणा ना! उन्हाळ्यात ते धुण्याचा तिथे जणू कुळाचारच असतो. पूर्वी थेट तळ्यात धूत. आता पाणी खराब होऊ नये म्हणून काठापासून दूर, गवतावर धुतात. पाइनच्या तेलाचा साबण, हातात ब्रश आणि चौघी गुडघ्यांवर. मी परिचारिकाबाईंना एका गालिच्यातली निळी पट्टी दाखवली, तर म्हणाल्या, “ही माझ्या आईची.” मी सांगितलं, माझ्या गोधडीतही आईचं लुगडं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तेवढ्यानं माझा निम्मा राग गेला.

दुपारी उकडलेले नवे बटाटे आले, त्यावर लोणी आणि चक्क चिरलेला शेपू! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. करून पाहा बरं का, सालासकट कोवळे बटाटे, वरून लोणी, मीठ आणि कच्चा शेपू. मुलंही खातात.

नंतर रानात निळी बोरं वेचायला. तिथला रिवाज मोठा छान. रान कुणाच्याही मालकीचं असो, कुणीही पायी हिंडावं, बोरं-अळंबी वेचावीत. फक्त कुणाच्या अंगणात शिरू नये, नासधूस करू नये. जांभळं खाल्ल्यासारख्या आमच्या जिभा निळ्या झाल्या. तेवढ्यात घरून फोन, “अगं, मोहरी कुठंय?” म्हटलं, “कागदावर सातव्या ओळीत बघा!”

संध्याकाळी सॉना. माझ्या पोटात गोळा! बायकाबायकाच असल्या तरी तिकडे अंगावर काही न घेता बसतात. मला ते जमणं शक्य नव्हतं. नदीवर आपल्या बायका बांधतात तसा परकर छातीशी बांधून मी आत गेले. कुणी वळूनही पाहिलं नाही. तापल्या दगडांवर पाण्याचा हबका पडला, सळसळत वाफ आली आणि महिन्यामहिन्यांचं अंग सैल झालं. ते पाणी मीच आणलेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. मग थेट तळ्यात! पहिल्या क्षणी किंचाळले, दुसऱ्या क्षणी हसत सुटले. आणि त्या तिघी अबोलसुद्धा खळखळून हसल्या.

रात्रीचे दहा वाजले तरी उजेड होता. पायरीवर बसून आम्ही कॉफीबरोबर लाडू खाल्ले. धीर करून मी विचारलंच, “आल्याआल्या मला कामाला का लावलंत?”

परिचारिकाबाईंना प्रश्नच कळेना. मग सावकाश म्हणाल्या, “पाहुण्यांना मी शहरातल्या घरी बोलावते. कॉफी देते, केक देते, निरोप देते. म्योक्कीवर आपली माणसं येतात.”

सगळ्यांनी मिळून बिनपगारी काम करायचं आणि मग एकत्र जेवायचं, याला तिथे ‘ताल्कोत’ म्हणतात. आपल्या खेड्यातली इर्जिक दुसरं काय असते? आणि इर्जिकीला कुणी परक्याला बोलावतं का? पाच महिने मी वाट पाहत होते की कुणी माझं आदरातिथ्य करील. त्यांनी मला त्याहून मोठं काही दिलं होतं आणि मी ते बादलीसारखं हिंदकळत नेलं.

आता आम्ही परत आलो आहोत, मी पुन्हा अर्धा दिवस शिकवते. मागच्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात नवीन लग्न झालेली एक मुलगी आली. परक्या गावची, दिवसभर एकटी. पहिल्यांदा दार वाजवून आत आली, तशी मी तिच्यापुढे मटाराच्या शेंगांचं ताट सरकवलं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. ती आठी माझ्या चांगली ओळखीची होती.

आता ती रोज येते. दार वाजवत नाही.