घर्षणांक एकाहून मोठा असतो तेव्हा

उभी असलेली मोटार जास्तीत जास्त किती त्वरणाने सुटू शकेल? अकरावीच्या सूत्रांनी याचे उत्तर दोन ओळींत मिळते. मोटारीला पुढे ढकलणारे बल शेवटी रस्ता टायरला देतो आणि ते घर्षणाचे असते. म्हणून त्वरणाची कमाल मर्यादा म्हणजे घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण. सगळा भार इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर आहे असे धरले आणि घर्षणांक 1 मानला, तर पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कापायला किमान 9.06 सेकंद लागतात आणि अंतिम वेग ताशी सुमारे 320 किलोमीटर भरतो. इंजिन कितीही शक्तिशाली बसवले तरी हे उत्तर बदलत नाही.

अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ पट्टीवर ज्या ड्रॅग शर्यती वाढल्या, त्यांत हे उत्तर टिकले नाही. 1964 मध्ये डॉन गारलिट्स यांनी ते अंतर 8 सेकंदांहून कमी वेळात कापले आणि ताशी 200 मैलांची, म्हणजे 322 किलोमीटरची, सीमाही ओलांडली. आजच्या ‘टॉप फ्युएल’ गाड्या 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर, अंतर 3.7 सेकंदांच्या आसपास पार करतात. सरासरी त्वरण काढून पाहा. ते गुरुत्वत्वरणाच्या साडेचार पटींच्या घरात जाते. वेग वाढल्यावर मागचा पंख हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबतो हे खरे, पण सुटण्याच्या क्षणी त्याचा उपयोग शून्य असतो. वर वळवलेल्या एक्झॉस्टचा झोत गाडीला खाली रेटून तेव्हा थोडी मदत करतो. ती वजा केली तरी हिशेब जुळण्यासाठी घर्षणांक एकाहून बराच मोठा मानावा लागतो.

मग नियमाचे काय? 1699 मध्ये अमाँताँ यांनी मांडलेला नियम सांगतो की घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि दिसणाऱ्या संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. त्यामागचे कारण विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी उलगडले. दोन कठीण पृष्ठभाग केवळ सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर एकमेकांना टेकतात; भार दुप्पट झाला की हे खरे संपर्कक्षेत्रही जवळपास दुप्पट होते. मऊ रबराची गोष्ट वेगळी. ते रस्त्याच्या खाचाखोचांत शिरते, रेणूंच्या पातळीवर चिकटते आणि भार वाढला तरी त्याचे खरे संपर्कक्षेत्र त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे तोच भार अधिक जागेवर पसरला, तर रबराची पकड वाढते. घर्षणांक एकाच्या आतच राहावा, असे निसर्गाचे कोणतेही बंधन नाही.

शर्यतीचे तंत्रज्ञ याच गुणधर्माचा फायदा घेतात. मागच्या रुंद टायरमध्ये हवेचा दाब ते सुमारे 7 पीएसआय एवढाच ठेवतात; आपल्या मोटारींत तो 30 च्या आसपास असतो. गाडी सुटताना टायरची बाजू सुरकुतते आणि जमिनीला टेकलेला भाग लांबतो. त्याआधी ओल्या जागेवर चाके गरगर फिरवून रबर तापवलेले, स्वच्छ केलेले असते आणि पट्टीवर ताज्या रबराचा थर बसलेला असतो. पट्टीवर चिकट राळही फवारतात. त्वरणामुळे पुढचा भार मागच्या चाकांवर येतो, तोही लाभच. पण त्याचा अतिरेक झाला तर गाडीचे तोंड वर उचलले जाते. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर साडेसात मीटरांहून अधिक ठेवतात. इतके करूनही सगळी शक्ती एकदम सोडली, तर चाके जागच्या जागी फिरतात. त्यासाठी क्लच टप्प्याटप्प्याने घट्ट होत जाईल अशी रचना करावी लागते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण शर्यतीहून वेगळे आहे. गेल्या वर्षी मध्य प्रदेशातील एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. दहावीच्या एका मुलीने फळीवर पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर खोडरबर आडवे ठेवून, फळी हळूहळू उचलत घर्षणांक मोजला होता. रबर घसरले तेव्हाचा कोन वहीत 50 अंश नोंदलेला होता. टॅन 50 म्हणजे 1.19. उत्तराच्या जागी मात्र 0.9 लिहिलेले होते आणि त्याखाली पुसलेला आकडा पुसटसा दिसत होता. एकाहून मोठे उत्तर आले की गुण कापले जातात, असे तिने शांतपणे सांगितले. मी तिला पुन्हा मोजायला लावले. पाचही वेळा कोन 48 ते 52 अंशांच्या दरम्यान आला. तिचे मोजमाप चोख होते.

घर्षणांक हा कोणत्याही एका वस्तूचा गुण नसतो. तो दोन पृष्ठभागांचा आणि त्या वेळच्या परिस्थितीचा असतो. कोरड्या डांबरावर घट्ट बसणारा टायर पहिल्या पावसात, धूळ आणि तेलाच्या ओल्या थरावर सहज घसरतो. हे ज्याला कळले, तो गाडीही जपून चालवील. प्रयोगशाळेतील शिक्षकांना माझी विनंती एवढीच: आकडा अनपेक्षित आला तर आधी मोजमाप तपासावे, मग नियम कोणत्या पृष्ठभागांसाठी मांडला गेला ते पाहावे. दोन्ही तपासूनही तो आकडा टिकला, तर तो वहीत राहू द्यावा.